आधी सिस्टरला लस, मग आपल्याला

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा रांगेत पहिले होते डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशाताई. असे सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचारी. मग पोलीस वगैरे आघाडीवरचे २ कोटी. साठी ओलांडलेल्यांची पाळी १ मार्चला आली. या क्रमाला तेव्हा कृतज्ञतेचं नाव दिलं गेलं. थाळ्या वाजवून झाल्या होत्याच. पण खरं कारण भावनेचं नव्हतं, हिशेबाचं होतं. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले आणि अख्खं रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावं लागलं. खाटा होत्या, यंत्रं होती, माणसं नव्हती.

धोका किती होता? ब्रिटन-अमेरिकेतल्या २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना संसर्ग होण्याची शक्यता सर्वसामान्यांपेक्षा किमान तिप्पट आढळली. पुरेसं पीपीई किट (संरक्षक पोशाख) मिळूनही कोविड रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचा धोका चढाच राहिला.

हा धोका फक्त अतिदक्षता विभागातच असतो, असं बाहेरच्याला वाटतं. श्वासनलिकेत नळी घालताना तो असतोच, पण तिथे सगळे सावध असतात. गफलत होते ती किट उतरवताना, घामाने निथळत, कधी एकदा पाणी पितो असं झालेलं असताना. किंवा साध्या वॉर्डात, जिथे पाय मोडून आलेल्या रुग्णाला कोरोना असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. चहाच्या खोलीत मास्क हनुवटीवर येतो, समोर आपलीच सिस्टर असते, आपलेच वॉर्डबॉय मामा असतात. आणि निवासी डॉक्टरांच्या होस्टेलवर एका खोलीत किती जण राहतात, हे महापालिकेच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जाऊन पाहावं.

खोटा दिलासाही मिळाला. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं. पुढच्या काटेकोर चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही.

लसीचं तसं झालं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या १० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा दुसऱ्या लाटेतला हिशेब मांडला. बहुतेकांनी कोविशिल्ड घेतली होती. दोन डोस झालेल्यांत संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के. ही सगळी नोकरीच्या वयातली माणसं, आणि काळही थोडा, हे धरूनच हे आकडे वाचायचे. तरी चढती भाजणी बोलकी आहे. दंडात टोचलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. नाका-घशाच्या आतल्या थरात ती कमीच पोचतात आणि काही महिन्यांत ओसरतात. म्हणून विषाणू आत शिरू शकतो. पण स्मृतिपेशी आणि टी पेशी टिकतात, त्या सहसा फुप्फुसापर्यंत मामला जाऊ देत नाहीत. ‘लस घेऊनही पॉझिटिव्ह आला, मग उपयोग काय?’ या प्रश्नाचं उत्तर या चार आकड्यांत आहे. लसवंत सिस्टरलाही वॉर्डात मास्क का लागतो, तेही त्यातच आहे.

लसीकरणाच्या पहिल्या दिवशी देशभरात ३ लाखांचं उद्दिष्ट होतं, लस घेतली १ लाख ९१ हजारांच्या आसपास लोकांनी. लसीकरणाच्या नोंदणीसाठीच्या को-विन ॲपचाही घोळ होता. महाराष्ट्रात त्यापायी लसीकरण दोन दिवस थांबलं. पण काही डॉक्टरच कचरले हेही खरं. त्यांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. कोव्हॅक्सिन लसीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा आलेच नव्हते, आणि डॉक्टरने पुरावा मागू नये तर कुणी मागावा?

शुश्रूषा करणाऱ्याने जीव गमावणं आपल्याकडे जुनंच. १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या. प्रयोगशाळेत लस तयार असणं आणि ती सेवेकऱ्याच्या दंडापर्यंत पोचणं, यांत अंतर असतं.

ते अंतर आजही आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला वापरलेली सुई लस न घेतलेल्याला टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हिपॅटायटिस बीची लस जुनी, स्वस्त, सहा महिन्यांत तीन डोसांची. डॉक्टर ती बहुधा विद्यार्थिदशेतच घेतात. कचऱ्याची पिशवी उचलणारा सफाई कामगार मात्र अनेकदा कंत्राटी असतो, आणि कंत्राटदार बदलला की त्याची नोंदही गहाळ होते. रुग्णालय चालवणाऱ्यांनी पुढच्या साथीची तयारी म्हणून व्हेंटिलेटर जरूर मोजावेत. त्याआधी या कामगारांचे तीन डोस झालेत का, ते तपासावं.