अ‍ॅडमिन आत जातो म्हणे!

हमरापूर फाट्यावरून आत वळलं की जोहे, कळवे, तांबडशेतपर्यंत गणपतीचे कारखाने लागतात, आणि आता कारखान्यागणिक एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. कच्च्या मूर्तींचे फोटो, साच्याचा नंबर, उंची, पितांबराचा रंग, टेम्पो सुटला की नाही, डोळ्यांची आखणी करणारा आज येतोय की पुन्हा दांडी मारतोय, सगळा कारभार त्यावर चालतो. अमेरिकेतलं गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर मूर्ती फिरवून फिरवून बघतं आणि तिथेच सौदा ठरतो. मोठ्या कंपन्या अशा कामासाठी दरमहा पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतात आणि ते सांभाळायला पगारी माणूस ठेवतात. आपल्याकडे हे काम मालकाच्या मुलाकडे किंवा भाच्याकडे असतं आणि पगाराचं नाव नसतं.

त्यालाही हे काम नकोच असतं. ‘मना नको अ‍ॅडमिन करू,’ म्हणून तो हात वर करतो. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ग्रुपवर कोणी काही वाईट टाकलं की पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात. हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकलं, पेणच्या बाजारात ऐकलं, रोह्याच्या गाडीत ऐकलं, शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं. आता ऐकलं की डोकंच उठतं.

या भीतीवर लोकांनी शोधलेला उपाय तर भीतीपेक्षा भयंकर आहे. एका कारखान्याच्या ग्रुपची सभासद यादी मी उघडून बघितली. जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘ग्रुप अ‍ॅडमिन’. साचेवाला अ‍ॅडमिन, रंगाचा व्यापारी अ‍ॅडमिन, टेम्पोवाला अ‍ॅडमिन. मागच्या सीझनला काम सोडून दुसऱ्या कारखान्यात गेलेला रंगारीसुद्धा अ‍ॅडमिन, आणि या वर्षीची दरांची यादी त्याच ग्रुपवर पडलेली. मालकांचं म्हणणं, ‘सगळेच अ‍ॅडमिन असले की एकट्यावर येत नाही.’ कायदा वर्गणीसारखा वाटून घेता येतो, असा काहीतरी समज असावा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. गोंदिया जिल्ह्यात २०१६ साली एक फिर्याद झाली. ग्रुपमधल्या एका सभासदाने ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनवर आरोप असा, की त्याने त्या सभासदाला काढलं नाही आणि माफीही मागायला लावली नाही. विनयभंगाची कलमं लागली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागलं. अ‍ॅडमिन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. १ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. कारण सरळ होतं. दुसऱ्याच्या गुन्ह्याची जबाबदारी एखाद्यावर टाकायची तर कायद्यात तशी तरतूद लागते, आणि ती इथे नाही. ग्रुप उघडणाऱ्याला पुढे कोण काय टाकणार हे आधी कळत नाही. सभासद घेणं आणि काढणं यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नाही. दोघांचा समान इरादा किंवा आधी ठरवलेला बेत दिसला तरच अ‍ॅडमिन अडकेल.

हा एखाद-दुसऱ्या न्यायाधीशांचा उदारपणा म्हणावा, तर तसंही नाही. त्याआधी २०१६ सालीच दिल्ली उच्च न्यायालयाने बदनामीच्या एका दाव्यात म्हटलं होतं, की अ‍ॅडमिनला जबाबदार धरणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुरासाठी कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही नागपूरच्याच वाटेने निकाल दिला. तिथला आरोप तर बालकांच्या अश्लील चित्रफितीचा होता, म्हणजे गंभीरातला गंभीर. तरीही निव्वळ अ‍ॅडमिन असणं हा गुन्हा ठरला नाही.

मग हा समज आला कुठून? लोक अगदीच हवेत बोलत नाहीत, हे मान्य करायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई पोलिसांनी कलम १४४ खाली आदेश काढला आणि अफवा पसरल्या तर ग्रुपचे अ‍ॅडमिन व्यक्तिशः जबाबदार राहतील, असं त्यात लिहिलं. त्या आदेशाची मुदत केव्हाच संपली, पण त्याचे फोटो अजून फिरताहेत. शिवाय पोलीस अ‍ॅडमिनला बोलावतात, हेही खरं. ग्रुपमध्ये कोण होतं, कुणी टाकलं, हे विचारायला दुसऱ्या कुणाला बोलावणार? पण साक्षीदार म्हणून माहितीसाठी बोलावणं वेगळं आणि आरोपी करणं वेगळं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत साक्षीदाराला बोलावण्याची नोटीस कलम १७९ खाली येते आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला हजर राहण्याची नोटीस कलम ३५(३) खाली. कागद हातात आला की आधी कलमाचा आकडा वाचावा. गावात मात्र ‘पोलीस ठाण्यात गेला होता’ एवढीच बातमी पोचते.

आता दुसरी बाजू, कारण एवढं ऐकून काहीजण एकदम निर्धास्त होतात. स्वतः टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिनही इतर कोणाइतकाच जबाबदार असतो. मुद्दाम तसल्याच कामासाठी ग्रुप काढला असेल तर त्याला संरक्षण नाही. आणि नागपूरचा निकाल आला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता. २०२२ पासून तो पुसता येतो, आणि अ‍ॅडमिनने पुसला असं तिथे दिसतंही. कोणी घाण टाकली तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवावा, मग मेसेज पुसावा, मग माणूस काढावा, याच क्रमाने. उगाच गप्प बसून ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम बरं.

ज्याची खरी काळजी करायला हवी ती गोष्ट मात्र कोणी काढत नाही. कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने काम करतात, घासकामापासून रंगकामापर्यंत. कामाच्या ग्रुपवर एखाद्या बाईला कोणी गलिच्छ काही पाठवलं तर जबाबदारी येते ती मालकावर, मालक म्हणून. मग तो अ‍ॅडमिन असो वा नसो. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा छोट्या कारखान्यालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. अ‍ॅडमिनपद भाच्याच्या गळ्यात घालून यातून सुटका नाही.

म्हणून अ‍ॅडमिन दोनच ठेवा. बाकीच्यांना अ‍ॅडमिनपदावरून उतरवा. राग येईल, येऊ द्या. दरांची यादी आणि कारागिरांच्या गप्पाटप्पा एका ग्रुपवर ठेवू नका. दरांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, अशी सोय २०१८ पासून आहे. सामील होण्याची लिंक फ्लेक्सवर छापली असेल तर ती रीसेट करा आणि नवा माणूस अ‍ॅडमिनने होकार दिल्याशिवाय आत येणार नाही, असं सेटिंग ठेवा. काम सोडून गेलेला माणूस हिशेब पुरा झाला त्याच दिवशी ग्रुपमधून काढायचा. यात वैर काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, काढलेल्या माणसाच्या फोनमध्ये तोवर आलेले फोटो आणि दर तसेच राहतात. ‘काढला म्हणजे सगळं गेलं’ हाही गैरसमजच.

बाकीचे गैरसमज एकेका दमात उरकतो.

‘मी फक्त फॉरवर्ड केलं.’ तामिळनाडूतले अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांबद्दलची दुसऱ्याची आक्षेपार्ह पोस्ट फेसबुकवर पुढे पाठवली होती. न वाचताच पाठवली, नंतर काढून टाकली, माफीही मागितली, हे सगळं सांगून झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. ‘आला तसा पुढे पाठवला’ हे शब्द वर लिहिल्याने कवच मिळत नाही.

‘पीओपीवरची बंदी उठली.’ ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली. परवानगीवाचून त्या नदी, तलाव, समुद्रात विसर्जित करायच्या नाहीत, हेही त्याच आदेशात होतं. ग्रुपवर फिरताना आदेशाचा हा उरलेला भाग गळून पडला. धंद्यावर परिणाम करणारा कुठलाही आदेश मेसेजवरून वाचायचा नसतो, मूळ कागदावरून वाचायचा असतो. मंडळं विसर्जनाचा विचार करून ऑर्डर देतात, त्यामुळे गळलेलं ते वाक्य आपल्या पोटाशी संबंधित होतं.

‘दोन निळ्या टिका आणि एक लाल म्हणजे सरकार कारवाई करणार.’ लाल टीक अस्तित्वातच नाही. उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, हा त्याचाच भाऊ. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं कितीदा सांगितलं, तरी श्रावणातल्या तेरड्यासारखा दरवर्षी उगवतोच.

‘सगळं एन्क्रिप्टेड आहे, कोणी बघू शकत नाही.’ वाटेत नाही बघू शकत, एप्रिल २०१६ पासून. पण गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला हे कुलूप आपोआप लागत नाही. ती सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपण स्वतः चालू करावी लागते. त्याहून मोठं भोक गल्ल्यावर आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब सुरू करून ठेवलेलं असतं आणि येणारा-जाणारा स्टुलावर बसून मालकाचे मेसेज वाचू शकतो. ‘मालकाचा फोन बंद आहे, मग काय दिसणार?’ दिसतं. आता जोडलेलं यंत्र फोनशिवाय चालतं. लिंक्ड डिव्हाइसेस उघडा आणि ओळखीचं नसेल ते प्रत्येक यंत्र लॉगआउट करा.

‘व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरला कोर्टात किंमत नाही.’ आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं, कारण निळ्या टिका दिसत होत्या. पण नुसत्या स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन वकिलाकडे धावू नका. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर ठरलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ फोनच त्याच्या मालकाने कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. आता हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलं आहे, १ जुलै २०२४ पासून. त्यामुळे उधारीवर माल उचलणाऱ्याशी झालेलं बोलणं सीझन संपला म्हणून पुसू नका, आणि ते ज्या फोनमध्ये आहे तो फोन पैसे वसूल होईपर्यंत विकू नका.

‘सीझनचं सिम वेगळं ठेवलं की बरं.’ ठेवा, पण ते जिवंत ठेवा. १२० दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सअ‍ॅप सहसा खातं काढून टाकतं. अनंत चतुर्दशीला कपाटात ठेवलेला फोन माघी गणपतीला बाहेर काढला, तर मुदत उलटून गेलेली असते. तोवर खातं गेलेलं, ग्रुपही गेलेले. अ‍ॅडमिन एकटा तोच असेल तर व्हॉट्सअ‍ॅप सभासदांतल्याच दुसऱ्या कोणाला तरी अ‍ॅडमिन करतं, आणि तो कोण हे आपल्याला विचारत नाही. दोन अ‍ॅडमिनांपैकी एकाचा नंबर बारमाही चालणारा हवा तो यासाठी.