'इन', 'ऑन', 'ॲट' निघाले इंदापूरला!

दोस्तांनो, इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. गाळलेल्या जागी 'इन' लिहायचं, 'ऑन' की 'ॲट'? आपण मनातल्या मनात मराठी करतो. 'वर' म्हणजे 'ऑन', 'आत' म्हणजे 'इन'. आणि नेमके तिथेच मार्क जातात! मग वाटायला लागतं, इंग्रजी काही आपल्याला जमायची नाही.

थांबा, एवढ्यात हार मानू नका. चला, बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरची एस.टी. पकडू या.

गाडीला वेळ आहे, तोवर जरा वर बघा. समजा, छताला पाल चिकटलीय आणि आपल्या डोक्यावर पंखा फिरतोय. पाल छताच्या खालच्या अंगाला, तरी इंग्रजीत ती 'ऑन'. पंखा डोक्यावर, पण त्याला 'ऑन' चालत नाही, 'ओव्हर' लागतं. असं का बरं? कारण 'ऑन'च्या पोटात टेकण्याचं, चिकटण्याचं, आधार घेण्याचं चित्र आहे. पंखा डोक्याला टेकला तर काय होईल, ते सांगायला नकोच!

बारामतीतून नीरा डावा कालवा वाहतो. त्यावरचा पूलही 'ओव्हर'. पाण्याला न टेकता तो या काठावरून त्या काठावर जातो. आता हेच चित्र परीक्षेला लावा. परीक्षा संपली की इंग्रजीत ती 'ओव्हर' होते, म्हणजे आपण पलीकडे पोचलो. आपणही परीक्षा 'पार पडली' म्हणतोच की! 'पार' म्हणजे पलीकडचा काठ.

या एकट्या 'ओव्हर'वर क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ साली अमेरिकेत अख्खा प्रबंध लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचं एक गाजलेलं पुस्तक आलं. लहानपणापासून आपण टेकतो, आत शिरतो, ओलांडतो. त्या अनुभवांच्या चित्रांनीच न दिसणाऱ्या गोष्टीही समजून घेतो, असं त्यांनी दाखवलं. अडचणीला कुठे भिंती असतात? तरी आपण 'अडचणीत' सापडतो आणि इंग्रज माणूसही 'इन' ट्रबल असतो. भाषेकडे असं बघणाऱ्या शास्त्राला बोधात्मक भाषाविज्ञान म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या वापरातली.

गाडी निमगाव केतकीला थांबली. इंग्रजीत ती 'ॲट' निमगाव केतकी थांबते. पण तुमची मावशी तिथे राहत असेल, तर ती 'इन' निमगाव केतकी राहते. गाव तेच, शब्द मात्र बदलला! ड्रायव्हरकाकांच्या लेखी गाव म्हणजे रस्त्यावरचा एक ठिपका. मावशीच्या लेखी घरं, गल्ल्या, शाळा, देऊळ असलेली जागा, आणि ती त्या जागेच्या आत. मराठीतही बघा, गाडी 'निमगावला' थांबते आणि मावशी 'निमगावात' राहते.

खिडकीतून बाहेर बघा. बाभळीच्या झाडावर बगळे बसलेत. इंग्रजीत बगळा 'इन' द ट्री असतो, कारण तिथे झाड म्हणजे फांद्यापानांचं घर. पण शेंग 'ऑन', कारण ती फांदीला लागलेली. आपण दोन्हींना 'झाडावर'च म्हणतो. कोण चुकलं? कुणीच नाही. झाड एकच, चित्रं दोन.

आलं इंदापूर! उतरता उतरता एक कोडं. आपण 'बोटात अंगठी' म्हणतो. इंग्रजीत 'इन' येईल की 'ऑन'? मराठी शब्द शोधू नका, डोळे मिटून चित्र बघा. अंगठी बोटाच्या आत शिरलीय की बोटाला बाहेरून धरून बसलीय?

बरोबर, 'ऑन'! पुढच्या पेपरात गाळलेली जागा आली की असंच करा. आधी चित्र, मग शब्द.