सैनिकाच्या पत्नीचें नांव

अक्षता पडल्या कीं लोकांच्या लेखीं लग्न पुरें झालें. सैन्याच्या दप्तरीं मात्र तें अजून उमटावयाचें असतें. जवानाची पत्नी म्हणून तिची ओळख सुरू होते ती 'पार्ट टू ऑर्डर' या हुकमापासून. विवाहनोंदणीचा दाखला वगैरे कागद जवानानें पलटणीच्या कचेरींत द्यावयाचे, कचेरीनें हुकूम काढावयाचा, आणि अभिलेख कार्यालयांत त्याची नोंद व्हावयाची. मराठा लाइट इन्फंट्रीचें हें कार्यालय बेळगांवीं आहे. लष्करी इस्पितळांतील उपचार, कँटीन इत्यादि सवलती या नोंदीवरच अवलंबून.

खरी अडचण येते ती एका गोड चालीमुळें. तांदळाच्या ताटांत अंगठीनें नवें नांव लिहिलें जातें आणि माहेरची सुशीला सासरीं इंदिरा होते. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, आधारपत्रावर दुसरें, आणि हुकमांत जवानानें घाईनें सांगितलेलें घरगुती तिसरेंच! पति हयात आहे तोंवर हें कुणाला खुपत नाहीं. परंतु तो लढाईंत पडला, तर शेवटच्या वेतनाइतकें उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मागणारी ही स्त्री कोण, हें कागद ठरवितात. गांवानें कितीहि ओळखलें तरी तें पुरत नाहीं. मग दुःखाच्या दिवसांत प्रतिज्ञापत्रें आणि हेलपाटे.

म्हणून नांव बदलावयाचेंच असेल तर तें राजपत्रांत प्रसिद्ध करून सर्व कागदांवर एकच राखावें. माहेरचें ठेवणें त्याहून सोपें. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत याविषयीं विचारतां येतें. रजा संपण्यापूर्वीं दाखला जवानाच्या पेटींत पडलेला बरा. मागाहून डाकेनें पाठवूं म्हटलेला दाखला बहुधा फडताळांतच राहतो.