दिव्यांचे पत्ते

रंगमंचावरील दिवे आणि त्यांचे नियंत्रण करणारा लाइटिंग कन्सोल यांच्यातील व्यवहार आज बहुतांशी ‘डीएमएक्स ५१२’ या पद्धतीने चालतो. अमेरिकेतील यूएसआयटीटी या संस्थेने ती १९८६ मध्ये तयार केली, तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांचे कन्सोल आणि डिमर एकमेकांशी जुळावेत, एवढाच तिचा माफक हेतू होता. एका केबलमधून ५१२ चॅनेलची माहिती जाते, या संचाला ‘युनिव्हर्स’ म्हणतात, आणि प्रत्येक चॅनेलचे मूल्य ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. ही माहिती सर्व दिव्यांपर्यंत पोहोचते, परंतु प्रत्येक दिवा आपल्याला दिलेल्या आरंभीच्या पत्त्यापासून लागतील तेवढीच चॅनेल वाचतो.

एका साध्या डिमरचे काम एका चॅनेलवर भागते. मान वळवणाऱ्या, रंग बदलणाऱ्या दिव्याला मात्र १६ चॅनेल लागत असतील आणि त्याचा पत्ता १ असेल, तर पुढच्या दिव्याला १७ हा पत्ता द्यावा लागतो. तिथे चुकून १६ दिला, तर पहिल्याचे शेवटचे चॅनेल हेच दुसऱ्याचे पहिले ठरते, आणि एकाला दिलेल्या आज्ञेवर दुसराच हलू लागतो.

कन्सोलवरील सोयीचे क्रमांक या पत्त्यांशी जोडण्याच्या क्रियेला ‘पॅचिंग’ म्हणतात. दौऱ्यावरील नाटकाला तिचे मोल विशेष, कारण नव्या नाट्यगृहातील डिमरचे पत्ते वेगळे असले तरी केवळ ही जोडणी बदलावी लागते, आणि तालमीत बांधलेले प्रकाशसंकेत तसेच राहतात.