पत्र्याच्या रुळांवरचे नवापूर

खापरला रेल्वे नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावातून जातो, गुजरातची हद्द जवळच आहे, आणि गाडी पकडायची तर नंदुरबार गाठावे लागते. अशा गावात बसून मी गेले वर्षभर एका रेल्वेमार्गाची आखणी करतो आहे. रूळ आहेत पत्र्याचे, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेले, इंजिन चावीचे. भारनियमनाच्या काळात चावीचे इंजिन किती उपयोगी पडते, हे आमच्या भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आगगाडीची प्रतिकृती म्हटली की मराठी माणसाला पुण्यातले कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय आठवते. बी. एस. तथा भाऊ जोशी यांच्या ध्यासातून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तिथे सारे शहरच प्रमाणात बसवले आहे. पत्र्याच्या रुळांचे घराणे मात्र वेगळे. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीचे, एकमेकांत जोडता येणारे रूळ मांडले, तिथून ही परंपरा रुळली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली आपल्या मेकॅनोच्या कारखान्यातून अशाच गाड्या बाजारात आणल्या. पत्रा वाकवून केलेला पोकळ रूळ, टोकाला पिन. ती पुढच्या तुकड्याच्या पोकळीत सरकवायची. जोडा, खेळा, सोडवा, पेटीत भरा. नेमकी इथेच आखणीची अडचण सुरू होते, कारण हे रूळ हवे तसे वाकत नाहीत. कारखान्याने दिली तेवढीच वळणे आपल्या हाती असतात.

माझ्याकडे दोन जातींची वळणे आहेत. दोन फूट त्रिज्येची बारा जोडली की वर्तुळ पुरे होते. एक फूट त्रिज्येची सहाच लागतात. गणित केले तर दोन्ही तुकड्यांची लांबी सारखीच, साडेबारा इंचांच्या आसपास, भरते. त्यामुळे ढिगात ते पटकन ओळखू येत नाहीत. एकावर एक ठेवून पाहावेत. एक चुकीचा तुकडा शिरला की वर्तुळ मिटत नाही, आणि जोर करून मिटवले तर पिन वाकते. सरळ तुकडा माझ्या पट्टीवर सव्वादहा इंच भरतो.

आता प्रमाण. या रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजची १,६७६. भागाकार केला की ५२ येतात, म्हणजे रुंदीच्या हिशेबाने ही प्रतिकृती १:५२ झाली. याच प्रमाणात दोन फुटी वळण म्हणजे प्रत्यक्षात ३२ मीटर त्रिज्या. भारतीय ब्रॉडगेजवर १० अंशांपेक्षा, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येपेक्षा, तीव्र वळण देत नाहीत. ते प्रामाणिकपणे उतरवायचे तर केवळ वळण घ्यायलाच २२ फूट रुंद खोली हवी. माझी खोली १२ बाय १०ची आहे.

तेव्हा काहीतरी सोडावे लागणार. काय सोडायचे, हा खरा प्रश्न. काही शौकीन जुने रूळ करवतीने कापून हवी ती लांबी काढतात. मला ते पटत नाही. जुन्या पोथीची पाने कात्रीने सारखी करण्यासारखेच ते आहे. शंभर वर्षे टिकलेला तुकडा माझ्या सोयीसाठी कापायचा नाही, एवढे मी आधी ठरवले आणि मग स्थानक निवडले.

ते नवापूर. आमच्याच जिल्ह्यातले, सुरत-भुसावळ या ताप्ती खोऱ्याच्या मार्गावरचे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि हद्द नेमकी या स्थानकातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरचा बाकसुद्धा दोन राज्यांत विभागलेला. स्थानकाची लांबी ८०० मीटर सांगतात. ३०० महाराष्ट्रात, ५०० गुजरातेत. १:५२ने हे ५० फुटांहून अधिक होते. पण एक सरळ तुकडा म्हणजे १०० मीटर धरले तर आठ तुकड्यांत नवापूर मावते: तीन इकडे, पाच तिकडे. लांबी रुंदीपेक्षा सातपटीहून अधिक आक्रसली, हे खरे. पण हद्द जागेवर राहिली आणि एकही रूळ कापावा लागला नाही. नवापूरचे नवापूरपण हद्दीत आहे, फलाटाच्या लांबीत नाही.

आठ तुकडे ८२ इंच. दोन्ही टोकांची अर्धवर्तुळे मिळून आणखी ४८. बाहेर डोकावणाऱ्या डब्यांसाठी सगळीकडून तीन-तीन इंच सोडले की सव्वाअकरा फूट बाय साडेचार फुटांहून किंचित मोठी जागा लागते. प्लायवूडचा तक्ता चार फुटी मिळतो, म्हणून सुताराकडून पट्टी जोडून घ्यावी लागते. भिंतीला लावू नये. पलीकडच्या रुळावर गाडी घसरली तर हात पोहोचत नाही. मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना पावणेतीन फूट वाट राहते. समोरच्या बाजूलाही आठच सरळ तुकडे हवेत, नाहीतर वेटोळे मिटणार नाही. सांधा बसवायचा असेल तर त्याची सरळ बाजू आधी मोजावी. फरक निघाल्यास तेवढाच फरक समोरही करावा लागतो.

चावीच्या गाडीला थांबवणारा एक खास तुकडा असतो. त्यातला खटका वर केला की इंजिनाचा ब्रेक लागतो. तो मी हद्दीपलीकडे पहिलाच घातला आहे. नंदुरबारकडून आलेली गाडी थांबते तेव्हा इंजिन गुजरातेत आणि डबे महाराष्ट्रात उभे राहतात.

रूळ खिळ्यांनी ठोकलेले नाहीत. आमच्याकडचा पावसाळा पत्र्याला मानवत नाही. कल्हई उडाली की आतले लोखंड गंजते, आणि पॉलिशपेपर मारला तर उरलेली कल्हईही जाते. म्हणून मृगापूर्वी सगळे अठ्ठावीस तुकडे सोडवायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा आणि कोरड्या पेटीत ठेवायचे. तक्त्यावर तेवढी हद्दीची खडूची रेघ राहते. दसऱ्याला तिच्यापासून मोजून पुन्हा जोडायला घेतो, आधी तीन, मग पाच.