सायकलसाठी कपडे, की कपड्यांसाठी सायकल?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज आपण सायकलविषयी बोलणार आहोत. सायकल कशी चालवायची हे नाही, तर सायकलवर बसताना अंगावर काय घालायचं, याविषयी.

गटांच्या मासिक बैठकांना फिरताना मला एक गोष्ट सारखी दिसते. बऱ्याच घरांत सायकल आहे. मानव विकास कार्यक्रमातून लेकीला शाळेसाठी मिळालेली असते. लेक बारावी झाली, एसटीने कॉलेजला जायला लागली, नाहीतर लग्न होऊन सासरी गेली. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे आणि त्याच घरातली बाई दुधाची किटली घेऊन दोन किलोमीटर चालत डेअरीवर जाते. विचारलं, "वहिनी, सायकल का नाही घेत?" तर उत्तर ठरलेलं, "साडीवर कुठं सायकल चालवायची बाई?"

तरुण मुलींचा प्रश्न वेगळा असतो. त्यांनी मोबाइलवर सायकलवाल्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. घट्ट काळी चड्डी, झगझगीत टी-शर्ट, खास बूट. त्या विचारतात, "ताई, रोज सायकल चालवायची तर तसलेच कपडे लागतात का? त्याला गटातून कर्ज मिळेल का?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समज आहे, की सायकलला वेगळे कपडे लागतात. मी उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. रोजच्या चार-पाच किलोमीटरला घरातलेच कपडे पुरतात. मात्र ते चेनमध्ये आणि चाकात जाणार नाहीत, याची सोय आधी सायकलवर करायची, मग कपड्यावर. खास कपड्यांचं काम लांबच्या प्रवासात सुरू होतं.

ते खास कपडे करतात तरी काय?

आधी त्यांचा उपयोग समजून घेऊ. शर्यतीचा सायकलवाला पुढे वाकून, अरुंद सीटवर तास न् तास बसतो. त्याच्या चड्डीला बुडाशी जाड गादी शिवलेली असते. पूर्वी ही गादी मऊ कातड्याची असायची, आता फोमची असते. सीटचा दाब आणि घासणं कमी करणं हे तिचं काम. ही चड्डी आतल्या कपड्याशिवाय, थेट अंगावर घालायची असते, कारण आतल्या कपड्याची शिवणच मांडीला काचते. कापड ताणलं जाणारं असतं, म्हणून पाय वर-खाली होताना ओढत नाही. अंगाला घट्ट असल्याने वाऱ्याने फडफडत नाही. शर्यतीत वेगाने जाताना सगळ्यात जास्त ताकद वारा कापण्यातच जाते, म्हणून त्यांना घट्ट कपडे लागतात.

वरचा टी-शर्ट पाठीमागे थोडा लांब असतो, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. खिसे पाठीवर असतात. कापड पॉलिस्टरचं असतं. ते घाम धरून ठेवत नाही, लवकर वाळतं.

आता यातलं आपल्याला काय लागू पडतं ते बघा. आपण सरळ बसतो, रुंद सीटवर बसतो, सावकाश जातो आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. तेवढ्या वेळात वाऱ्याचा अडथळाही फारसा नाही आणि गादीची गरजही नाही. म्हणजे ज्या त्रासावर हे कपडे औषध आहेत, तो त्रासच आपल्याला होत नाही.

साडीवर सायकल चालवलेल्या बायका

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९०नंतरच्या काही वर्षांत साक्षरतेची मोठी मोहीम झाली. त्या मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे, की तिथल्या एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. कुणी त्यांना वेगळे कपडे दिले नव्हते. रोजच्याच कपड्यांत, साडीत त्या शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा दांडीच्या जेंट्स सायकलीही चालवल्या. उलट दांडीवर पोराला बसवता येतं, हा फायदाच झाला.

दुसरं उदाहरण परदेशातलं. नेदरलँड्स हा देश सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे म्हाताऱ्या बायका, पोरांना शाळेत सोडणाऱ्या आया, ऑफिसला जाणारे लोक, सगळे रोजच्या कपड्यांत सायकल चालवतात. स्कर्ट असो की पायघोळ कोट. कारण तिथल्या पुष्कळ सायकलींची चेन पूर्ण झाकलेली असते आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आडोसा असतो. त्यांनी कपडे बदलले नाहीत, सायकलच कपड्यांना सोयीची केली.

कपडा अडकतो कुठे?

आता कामाची गोष्ट. कपडा अडकायच्या मुख्य जागा दोन.

पहिली जागा चेन. चेन सायकलच्या उजव्या बाजूला असते. पायडल मारलं की दातेरी चक्र फिरतं आणि चेन त्या दात्यांवर बसत जाते. सलवारीचा पायचा किंवा साडीचा काठ तिथे टेकला, की चेनबरोबर आत ओढला जातो. कपडा फाटला तर नशीब, नाहीतर बाई खाली पडते. यावर उपाय पूर्ण चेनकव्हर. अर्धं कव्हर वरून झाकतं, पण कडेने मोकळंच राहतं.

दुसरी जागा मागचं चाक. पदर, ओढणी, ओचा वाऱ्याने मागे जातो आणि तारांत गुंततो. यावर उपाय चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी. मोटारसायकलला साडी गार्ड असतं ना, तीच कल्पना. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मोटारसायकलच्या मागच्या चाकाला आडोसा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये लिहिलेलं आहे. सायकलला ती सोय आहे की नाही, हे आपणच बघून घ्यायचं. तुटलेली असेल तर सायकल दुकानातून बसवून घ्यायची.

कपडा अडकलाच तर ओढू नका. थांबा, जमिनीवर पाय टेका, उतरा. मग मागचं चाक थोडं उचलून पायडल हाताने उलटं फिरवा. चेन मागे सरकते आणि कपडा बहुतेक वेळा सुटून येतो. जोरात पुढे पायडल मारलं तर तो आणखी आत जातो.

ओढणीचं वेगळं आणि ठासून सांगते. ओढणी गळ्याभोवती असते. तिचं टोक चाकात गेलं, की क्षणात गळ्याला फास बसतो. ओढणी गाडीच्या चाकात अडकून मानेला गंभीर इजा झाल्याच्या, जीव गेल्याच्याही घटना आपल्या देशात झालेल्या आहेत. म्हणून सायकलवर गळ्याभोवती मोकळं टोक ठेवायचं नाही, हा नियमच करा. ओढणी एका खांद्यावरून तिरकी घ्या, दुसऱ्या बाजूला कमरेशी गाठ मारा आणि टोकं आत खोचा. नाहीतर पिशवीत ठेवा, पोहोचल्यावर घ्या. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधत असाल तर त्याचीही टोकं आत खोचा आणि डोळ्यांच्या कडा मोकळ्या ठेवा. बाजूने येणारं वाहन दिसलं पाहिजे.

कोणत्या कपड्याला काय करायचं?

नऊवारी. कासोटा घातलेला असतो, दोन्ही पाय मोकळे असतात. आपल्या आज्यांचा हा पोशाख सायकलला फार सोयीचा. फक्त पदर कमरेला घट्ट खोचा आणि काठ घोट्याच्या वर घ्या.

सहावारी. पदर मागे लोंबतो, तो पुढे घेऊन कमरेला खोचायचा आणि पिन लावायची. निऱ्या थोड्या उचलून डाव्या बाजूला खोचायच्या. डाव्याच का? कारण चेन उजवीकडे आहे. उजव्या पायाकडे काही लोंबता कामा नये. साडी वर घेतली की पाय दिसतात म्हणून संकोच वाटतो, तर परकराखाली स्लॅक्स घाला. सहावारीवाल्यांनी शक्यतो लेडीज सायकल घ्यावी. दांडी खाली असते, पाय वर टाकावा लागत नाही.

पंजाबी ड्रेस. ओढणीचं सांगून झालं. उजव्या पायच्यावर केसांचं जुनं रबर चढवा. पटियाला सलवारीला तर ते हवंच. लेगिंग असेल तर तीही गरज नाही. कुर्त्याचा मागचा भाग सीटवर नीट बसवून घ्या.

बुरखा घालणाऱ्या बहिणींनी खालचा घेर एका बाजूला घेऊन गाठ मारावी किंवा पिन लावावी. खालून बटणांचा असेल तर शेवटची दोन-तीन बटणं मोकळी ठेवली की पाय फिरायला जागा मिळते. गाऊनचा घेर मात्र मोठा असतो आणि तो खोचायला जागा नसते. गाऊनवर सायकल नको.

पायांत मागे पट्टा असलेली चप्पल किंवा सँडल घाला. साधी चप्पल पावसात पायडलवरून घसरते.

घाम, काचणं आणि पाळीचे दिवस

सुती कपडा उन्हात गार वाटतो, कारण घाम त्यात मुरतो आणि हळूहळू उडतो. थोड्या अंतराला सुतीच चांगला. पण तासाभराच्या वर गेलात तर तोच ओला सुती कपडा मांड्यांना घासतो. अशा वेळी दुकानात जिला सायकलिंग शॉर्ट म्हणतात, ती साधी चड्डी उपयोगी पडते. शाळेतल्या मुली स्कर्टखाली घालतात, तीच. गादीची नाही. साडी असो की ड्रेस, आतून ती घातली की मांड्या एकमेकींना घासत नाहीत. पाळीच्या दिवसांतही पॅड किंवा घडी जागेवर राहायला तिचा आधार होतो. घरी आल्यावर ओले कपडे लगेच बदला. ओलेपणाने खाज आणि पुरळ येतं.

शेतात आपण साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतो ना? सायकलवरही तोच घाला. ऊन लागत नाही, पदर दबून राहतो आणि खिशात मोबाइल मावतो. महागाचा टी-शर्ट जे करतो, त्यातलं बरंचसं हा शर्ट करतो.

कधी कधी दुखणं कपड्याचं नसतं, सीटचं असतं. सीटवर बसून टाच खाली आलेल्या पायडलवर ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर. शिकणाऱ्या बाईने मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी. हात बसला की वाढवावी.

दिसणं महत्त्वाचं

पहाटे दूध घालायला जाताना किंवा संध्याकाळी परतताना आपण समोरच्याला दिसलं पाहिजे. कारखाना सुरू असताना रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, तेव्हा तर जास्तच. झगझगीत पोपटी किंवा नारंगी रंग दिवसा उठून दिसतो, पण अंधारात त्या रंगाचा उपयोग नाही. अंधारात प्रकाश परत फेकणारी रेडियमची पट्टीच दिसते. ती मागच्या मडगार्डला, कॅरिअरला आणि दोन्ही पायडलना लावा. पायडलची पट्टी वर-खाली हलते, म्हणून ड्रायव्हरचं लक्ष लवकर जातं. कपड्यावर लावली तर एकाच कपड्याचं काम होतं. सायकलवर लावली की कोणताही कपडा चालतो.

पैसे कशावर आधी?

पहिलं चेनकव्हर, जाळी आणि ब्रेक. दुसरी रेडियम पट्टी. तिसरी पट्ट्याची चप्पल. चौथी साधी सायकलिंग शॉर्ट. गादीची चड्डी सगळ्यात शेवटी आणि तीही रोज तास-दीड तासापेक्षा जास्त सलग सायकल चालवणारीने घ्यावी. कुणाची मुलगी स्पर्धेत उतरत असेल तर तिला ती जरूर घ्या. तिथे ती चैन नाही, गरज आहे. मुलीच्या अंगावर ती बघून नावं ठेवू नका. साडीवाल्या बाईला हसायचं नाही आणि चड्डीवाल्या मुलीलाही नाही.

शेवटी एक हिशोब मांडते. डेअरी दोन किलोमीटरवर आहे. चालत अर्धा तास लागतो. सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन चार फेऱ्या, म्हणजे रोज दोन तास. सायकलने एक फेरी दहा-बारा मिनिटांची, चारही फेऱ्या पाऊण तासात. रोजचा सव्वा तास वाचला. वर्षाचे चारशेहून जास्त तास झाले. "साडीवर कुठं सायकल" या एका वाक्यापायी आपण एवढा वेळ रस्त्यावर घालवतो.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. कुणाकुणाच्या घरी सायकल उभी आहे त्याची यादी काढा. एक दिवस ठरवून सायकल दुरुस्त करणाऱ्या दादांना गावात बोलवा आणि सगळ्या सायकलींना चेनकव्हर आणि जाळी एकदम बसवून घ्या. एकदम काम दिलं तर दरही कमी करून मागता येतो. ज्यांना येत नाही त्यांना ज्यांना येतं त्यांनी शाळेच्या मैदानावर शिकवावं. ज्या कपड्यांत डेअरीला जायचं, त्याच कपड्यांत शिकवावं.

चला तर मैत्रिणींनो, पदर खोचा आणि सायकल बाहेर काढा. नमस्कार.