मध्यकर्णशोथ, बालकांचा

कानाचा पडदा व अंतर्कर्ण यांमधील हवायुक्त पोकळीस (मध्यकर्णास) सूक्ष्मजंतू वा व्हायरस यांच्या संसर्गामुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेला मध्यकर्णशोथ म्हणतात. तो प्रौढांनाही होत असला, तरी प्रामुख्याने बालवयातील, विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे या वयातील विकार आहे. लहान मुलांना प्रतिजैव औषधे (अँटिबायॉटिके) देण्याचे जे नेहमीचे प्रसंग असतात त्यांत याची गणना होते. मात्र ती कोणत्या मुलाला द्यावीत, याविषयीचे वैद्यकीय मत १९८० नंतरच्या काळात बरेच पालटले आहे.

मध्यकर्ण यूस्टेशियन नलिकेने नाकामागील घशाच्या भागाशी जोडलेला असतो. प्रौढात ही नलिका सु. ४५° कोनात उतरती असते, तर तान्ह्या मुलात ती आखूड व जवळजवळ आडवी (सु. १०°) असते. पडशामुळे ती सुजून बंद झाली म्हणजे पोकळीतील हवा शोषली जाते, तेथे द्रव साचतो आणि घशातील सूक्ष्मजंतू त्यात वाढू लागतात. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी (न्यूमोकॉकस), हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी व मोराक्सेला कॅटॅरॅलिस हे त्यांपैकी प्रमुख होत. आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे व घरातील विडी-सिगारेटचा धूर यांमुळे रोगाचा संभव वाढतो. अंगावर पिणाऱ्या मुलांत तो कमी असतो.

निदान : पडसे झालेल्या मुलाचा कान बहुधा रात्री एकाएकी ठणकू लागतो, ताप येतो, मूल झोपत नाही, खात नाही. बोलता न येणारे मूल कान ओढते. परंतु दात येताना व नुसत्या चाळ्यानेही मुले कान ओढतात, त्यामुळे एवढ्यावरून निदान करता येत नाही. रडण्याने व तापानेही पडदा लाल होतो. कर्णदर्शकातून पाहता पडदा बाहेरच्या बाजूस फुगलेला दिसणे ही खरी खूण होय. पडदा न फुगता त्यामागे नुसता द्रव असल्यास तो तीव्र संसर्ग नव्हे व त्यावर प्रतिजैवांचा उपयोग होत नाही. अनावश्यक औषधयोजनेचे मूळ पुष्कळदा निदानातील या घाईत असते. कधी पडदा फुटून पू वाहू लागतो आणि ठणका एकदम थांबतो. त्यामुळे रोग बरा झाला असा घरच्यांचा समज होण्याचा संभव असतो. बहुतेक मुलांत हे छिद्र आपोआप भरून येते, पण तोवर कानात पाणी जाऊ देऊ नये.

उपचार : प्रभावी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी हा रोग भयावह होता. पू कानामागील मॅस्टॉइड हाडात व तेथून मेंदूच्या आवरणांपर्यंत पसरे आणि ते हाड कोरून काढण्याची शस्त्रक्रिया रुग्णालयांत सर्रास करावी लागे. १९३५ नंतर सल्फा औषधे व १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन वापरात आल्यावर हे उपद्रव झपाट्याने कमी झाले आणि कान दुखणाऱ्या प्रत्येक मुलास प्रतिजैव देण्याचा प्रघात पडला.

या प्रघातास नेदर्लंड्समध्ये प्रथम आव्हान मिळाले. तेथील व्हान ब्यूखेम व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये ४,८६० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. या मुलांना आरंभी केवळ वेदनाशामक औषध व नाकातील थेंब देण्यात आले होते. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले काही दिवसांत बरी झाली. रोग तीव्र स्वरूपात चालू राहिला तो सु. ३ टक्के मुलांत, आणि मॅस्टॉइडशोथ दोघांना झाला. पुढे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात असे आढळले की, औषध घेवो अथवा न घेवो, सु. ६० टक्के मुलांची वेदना चोवीस तासांत थांबते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका मुलाची वेदना टाळण्यासाठी सु. २० मुलांना प्रतिजैव द्यावे लागते आणि दर १४ मुलांमागे एकास जुलाब, ओकारी वा पुरळ यांचा त्रास होतो. मॅस्टॉइडशोथ टाळण्याचा हेतू धरला, तर ब्रिटनमधील नोंदींनुसार (२००९) एका मुलासाठी सु. ४,८०० वेळा औषध द्यावे लागेल.

तथापि सरासरीचा हा हिशेब प्रत्येक मुलास लागू पडत नाही. १,६४३ मुलांच्या माहितीच्या विश्लेषणात (२००६) दोन वर्षांखालील व दोन्ही कानांना संसर्ग झालेली मुले, तसेच कान वाहू लागलेली मुले यांना औषधाचा स्पष्ट लाभ दिसला. पहिल्या गटात वेदना वा ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रेंगाळण्याचे प्रमाण औषधाविना ५५ टक्के व औषधाने ३० टक्के होते. कान वाहणाऱ्या मुलांत ते अनुक्रमे ६० व २४ टक्के होते. अमेरिकेतील बालरोगतज्ञांच्या अकादमीने २००४ मध्ये व सुधारून २०१३ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याच धर्तीची आहेत. सहा महिन्यांवरील मुलांपैकी कान वाहत असलेल्यांना, तीव्र वेदना, ४८ तास टिकलेला ठणका किंवा ३९° से. वा अधिक ताप असलेल्यांना आणि दोन वर्षांखाली दोन्ही कान बिघडलेल्यांना प्रतिजैव लगेच द्यावे. इतरांना ४८ ते ७२ तास नजरेखाली ठेवता येते. मूल पुन्हा दाखवण्याची खात्री असेल तरच हा मार्ग पत्करावा. वेदनाशामक औषध (उदा., पॅरासिटामॉल) मात्र सर्वांनाच द्यावे.

पहिली पसंती ॲमॉक्सिसिलीन या औषधाला असते. अमेरिकेत ते दर किग्रॅ. वजनास दररोज ८०–९० मिग्रॅ. या प्रमाणात दोनदा विभागून देतात. न्यूमोकॉकस आपली पेनिसिलीन-बंधक प्रथिने बदलून औषधास दाद देईनासा होतो. ही अडचण वाढीव मात्रेने पुष्कळशी दूर होते. हीमोफायलस व मोराक्सेला औषध मोडणारे एंझाइमच तयार करतात. तेथे मात्रा वाढवून उपयोग नसतो, क्लॅव्ह्युलॅनिक अम्लाची जोड द्यावी लागते. दोन वर्षांखालील मुलांना दहा दिवस औषध देतात. ही मुदत पाच दिवसांवर आणता येईल का, याची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच दिवसांच्या गटात ३४ टक्के व दहा दिवसांच्या गटात १६ टक्के मुलांत उपचार अपयशी ठरले. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले म्हणून बाटली बाजूला ठेवणे म्हणूनच इष्ट नव्हे.

भारतात परिस्थिती काहीशी वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात (२००४) भारताचा समावेश जुनाट कान वाहण्याचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांत केला गेला. जेथे कर्णदर्शक नाही आणि रुग्णाची फेरतपासणी अनिश्चित आहे, तेथे वाट पाहण्याचा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. त्यामुळे प्राथमिक आरोग्यसेवेसाठीच्या सूचनांनुसार कान दुखत असल्यास किंवा चौदा दिवसांपेक्षा कमी काळ वाहत असल्यास पाच दिवस ॲमॉक्सिसिलीन देतात व वाहणारा कान स्वच्छ कापडाच्या वातीने कोरडा करतात. त्याहून जुन्या स्रावावर पोटातील औषधापेक्षा क्विनोलोन वर्गातील थेंब उपयुक्त असतात. कानामागे दुखरी सूज आल्यास मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे. कानात कोमट तेल वा लसणीचे तेल घालण्याची घरगुती रीत पडदा फुटलेला असताना अपायकारक ठरते.

संसर्ग शमल्यावरही पडद्यामागील द्रव कित्येक आठवडे राहतो. त्यासाठी प्रतिजैव पुन्हा देण्याचे कारण नाही. परंतु तो तीन महिन्यांनंतरही राहिल्यास मुलाची श्रवणशक्ती तपासावी लागते, कारण भाषा शिकण्याच्या वयात थोडेसे बहिरेपणही बाधक होते. न्यूमोकॉकसविरोधी संयुग्मित लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ मध्ये देशभर समाविष्ट करण्यात आली. मुख्यतः न्यूमोनिया व मस्तिष्कावरणशोथ यांसाठी असलेल्या या लसीने न्यूमोकॉकसजन्य मध्यकर्णशोथही काही प्रमाणात टळतो.